नमुन्यापासून उपचारापर्यंत: स्वस्त मॉलिक्युलर चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संसर्गजन्य रोगांचं निदान रुग्णाच्या शेजारीच आणि परवडेल अशा खर्चात व्हावं यासाठी धडपडणाऱ्यांना काही प्रश्न हटकून पडतात. विद्यार्थी, अभियंते आणि डॉक्टर ते पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच खरी अडचण आहे.

मॉलिक्युलर चाचणी आणि अँटिजेन चाचणी यांत फरक काय?

अँटिजेन चाचणी जंतूचं प्रथिन शोधते. नमुन्यात ते जेवढं असेल तेवढ्यावरच तिला भागवावं लागतं. मॉलिक्युलर चाचणी जंतूच्या डीएनए किंवा आरएनएमधला ठरावीक तुकडा शोधते आणि त्या तुकड्याच्या प्रती वाढवते. पीसीआर या नेहमीच्या मॉलिक्युलर पद्धतीत तापवण्या-निववण्याच्या प्रत्येक फेरीला प्रती साधारण दुप्पट होतात. म्हणजे ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. म्हणून जंतू अगदी मोजके असले तरी ते सापडतात.

प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीची चाचणी आणखी वेगळी. ती जंतू शोधत नाही, शरीराने त्याला दिलेलं उत्तर शोधते. हा फरक किती मोलाचा आहे हे एचआयव्हीबाधित आईच्या बाळाबाबत कळतं. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे बाळाची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाळाला लागण झाली आहे की नाही ते कळत नाही. विषाणूचं जनुकीय साहित्यच शोधावं लागतं, आणि तेही लवकर, कारण उपचाराविना राहिलेल्या बाधित बाळांना सर्वाधिक धोका पहिल्या काही महिन्यांतच असतो.

मग प्रत्येक दवाखान्यात पीसीआर यंत्र ठेवलं की झालं, नाही का?

नेहमीच्या पीसीआरला फक्त यंत्र पुरत नाही. अभिकर्मक (चाचणीची रसायनं) तयार करायला एक खोली, नमुना हाताळायला दुसरी, प्रती वाढवायला तिसरी, शीतकपाट, न जाणारी वीज आणि सराईत तंत्रज्ञ हे सगळं लागतं. कॅरी म्युलिस यांना १९८३ साली सुचलेली ही पद्धत (त्यासाठी त्यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं) प्रयोगशाळेसाठी जन्मली आणि बराच काळ तिथेच राहिली.

त्या तीन खोल्या एका बंद कार्ट्रिजमध्ये, म्हणजे एकदाच वापरायच्या डबीत, बसवता येतात, हे जीनएक्स्पर्ट या यंत्राने दाखवलं. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये त्याची शिफारस केली. दोन तासांच्या आत क्षयाचं निदान आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो की नाही याचं उत्तर, दोन्ही एकदम मिळू लागलं. हा फार मोठा टप्पा होता. तरीही स्थिर वीज, धूळ नसलेली आणि फार न तापणारी खोली, वेळोवेळी कॅलिब्रेशन (यंत्राचं मापन अचूक आहे ना ते तपासणं) या गरजा उरल्याच. त्यामुळे यंत्र जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचलं, पण पुढे कमीच गेलं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि ते छोट्या केंद्रांचा विचार करूनच बनवलेलं आहे. त्याच्या क्षयरोग चाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०२० मध्ये मिळाली.

‘रुग्णाच्या शेजारी’ म्हणजे किती जवळ?

मीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. रुग्ण उठून घरी जायच्या आत निकाल हातात आला आणि त्यावर काही केलं गेलं, तर चाचणी शेजारी झाली. यंत्र त्याच इमारतीत असूनही निकाल चौथ्या दिवशी मिळत असेल, तर ती शेजारची चाचणी नव्हे.

दोन अभ्यास एकत्र वाचावेत असं मी नेहमी सांगतो. मोझांबिकमध्ये बाळांची एचआयव्ही चाचणी आरोग्य केंद्रातच केली गेली, तेव्हा बाधित बाळांपैकी जवळपास ९० टक्के बाळांचे उपचार ६० दिवसांत सुरू झाले. नमुने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवणाऱ्या केंद्रांत हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. दुसरा अभ्यास आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या चार देशांतला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. त्यात क्षयाची जीनएक्स्पर्ट चाचणी परिचारिकांनी दवाखान्यातच केली. त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांची संख्या वाढली, पण काही महिन्यांनी पाहिलं तर आजाराच्या तीव्रतेत फरक पडलेला नव्हता. याचं मुख्य कारण असं की तिथले डॉक्टर चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणं पाहून उपचार सुरू करतच होते.

दोन्ही ठिकाणी चाचणी चांगलीच होती. फरक होता तो ती चाचणी येण्याआधी तिथे काय घडत होतं यात. म्हणून कुठल्याही नव्या चाचणीबद्दल माझा पहिला प्रश्न असतो: निकाल हातात आल्यावर कोण काय वेगळं करणार आहे? याचं उत्तर नसेल तर रसायनाकडे वळायची घाई करू नये.

लॅम्प किंवा आरपीएसारख्या एकाच तापमानावर चालणाऱ्या पद्धती वापरल्या की प्रश्न सुटतो ना?

अर्धा सुटतो. पीसीआरला प्रत्येक फेरीत ९५ अंशांच्या आसपास तापवणं आणि पुन्हा ६० अंशांच्या आसपास निववणं लागतं. लॅम्प ही जपानी संशोधकांनी २००० साली मांडलेली पद्धत ६० ते ६५ अंश सेल्सियसला चालते. तिच्यातलं एन्झाइम डीएनएचे दोन धागे स्वतःच उकलत पुढे जातं, त्यामुळे तापवणं-निववणं नको. साधा हीटर पुरतो. २००६ मध्ये आलेली आरपीए तर ३७ ते ४२ अंशांवर चालते, म्हणजे जवळपास अंगाच्या उबेवर. दोन्हींना वेळही कमी लागतो. क्षयासाठीच्या लॅम्प चाचणीची शिफारस २०१६ मध्येच झाली आहे.

अडचणी वेगळ्या आहेत. लॅम्पला चार ते सहा प्रायमर (जंतूच्या ठरावीक तुकड्याला चिकटून प्रती सुरू करणारे डीएनएचे छोटे धागे) लागतात. एवढे प्रायमर एका नळीत एकमेकांना चिकटू शकतात, आणि मग जंतू नसतानाही प्रती वाढू लागतात. म्हणून पाण्याचे रिकामे नमुने भरपूर चालवून पाहावेत, आणि निकाल वाचायची वेळ नेमकी ठरवून टाकावी. ‘अजून दहा मिनिटं थांबू’ हा मोह लॅम्पमध्ये महागात पडतो. नळीचा रंग बदलून निकाल देणाऱ्या चाचण्यांत आणखी एक गोम आहे. ज्या रंगद्रव्याचा रंग आम्लतेवर अवलंबून असतो, त्याला नमुन्याची स्वतःची आम्लताही फसवते. लाळ किंवा लघवी थेट घातली तर रंग सुरुवातीलाच बदललेला दिसू शकतो.

आणि क्रिस्पर?

क्रिस्पर म्हणजे ठरावीक जनुकीय तुकडा शोधून कापणाऱ्या प्रथिनांचं तंत्र. त्यावर आधारित निदानाच्या शेरलॉक (२०१७) आणि डिटेक्टर (२०१८) या पद्धतींनी मोठी आशा निर्माण केली. कॅस१३ आणि कॅस१२ ही प्रथिनं लक्ष्य सापडल्यावर आजूबाजूचे धागेही कापत सुटतात, आणि त्यातून खूण मिळते. त्यामुळे विशिष्टता, म्हणजे जंतू नसताना पॉझिटिव्ह न दाखवण्याची क्षमता, छान मिळते. पण बहुतेक चाचण्यांत त्याआधी प्रती वाढवाव्याच लागतात, म्हणजे एक पायरी वाढते. ती पायरी नळी उघडून करायची असेल तर शेजारच्या चाचणीसाठी मला ती मान्य नाही. कारण पुढे दिलं आहे.

सगळ्यात अवघड पायरी कोणती?

नमुना तयार करणं. प्रती वाढवण्याच्या नव्या पद्धतींना प्रसिद्धी मिळते, पण चाचणी तरते किंवा बुडते ती इथे. शुद्ध केलेला डीएनए पाण्यात घालून मिळवलेला सुंदर आलेख म्हणजे अजून काहीच नाही.

क्षयाचंच पाहा. बेडका चिकट असतो, पिपेटमध्ये ओढला जात नाही. तो आधी पातळ करावा लागतो. क्षयाच्या जीवाणूची भिंत मेणासारखी, सहजी फुटत नाही. त्यासाठी ध्वनिलहरी, मण्यांनी घुसळणं किंवा उष्णता लागते. रक्तात हिमोग्लोबिनमधलं हीम एन्झाइमला रोखतं. शौचाच्या नमुन्यात असे अडथळे विपुल. लघवीत जंतू विरळ असतात आणि युरियाही असतो. स्वॅब त्यातल्या त्यात सोपा. कित्येक विषाणूंसाठी पाच मिनिटं ९५ अंशांवर तापवलं तरी काम भागतं. ‘एक पद्धत, सगळे नमुने’ असं कुणी सांगितलं तर मी सावध होतो.

प्रयोगशाळेत १९९० पासून एक भरवशाची युक्ती आहे: ग्वानिडिन थायोसायनेटसारख्या क्षारात जंतू फोडायचे, मोकळा झालेला डीएनए-आरएनए सिलिकाला चिकटवायचा, धुवायचा आणि शुद्ध पाण्यात सोडवून घ्यायचा. आज चुंबकीय मण्यांवर हेच होतं. पण धुण्यातला अल्कोहोल जरा उरला तरी पुढची प्रक्रिया मंदावते. प्रत्येक धुणं म्हणजे आणखी एक द्रव, आणखी एक झडप, गळतीची आणखी एक जागा. कार्ट्रिजची किंमत इथेच फुगते.

मग धुणं टाळून नमुना थेट घालावा का? जंतू भरपूर असतील तिथे जरूर. विरळ असतील तिथे साधा हिशेब आड येतो. एक मिलिलिटरमध्ये जंतूच्या २०० प्रती आहेत आणि तुम्ही त्यातले ५ मायक्रोलिटर घेतले, तर सरासरी एक प्रत हाती येते. सरासरी एक याचा अर्थ साधारण ३७ टक्के वेळा एकही नाही. एन्झाइम कितीही चांगलं असो, नळीत जे नाही ते त्याला सापडणार नाही. जिथे जंतू कमी, तिथे मोठ्या नमुन्यातून ते गोळा करण्याची पायरी हवीच.

आणि नमुना मिळतो का, हाही प्रश्न आहेच. लहान मुलांना खोकून बेडका काढता येत नाही, एचआयव्ही असलेल्या अनेक प्रौढांनाही नाही. जिभेवर स्वॅब फिरवून क्षय शोधण्याचं काम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. तिथे जंतू बेडक्यापेक्षा कमी मिळतात, पण नमुना जवळजवळ प्रत्येकाकडून मिळतो. ज्यांची चाचणीच होत नव्हती त्यांची थोडी कमी संवेदनशील, म्हणजे काही बाधित निसटू देणारी, चाचणी झाली, तर एकूण सापडलेले रुग्ण वाढू शकतात.

चाचणी किती संवेदनशील असायला हवी?

‘शक्य तितकी’ हे उत्तर बरोबर नाही. ती कशासाठी वापरायची आहे त्यावर ते ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जीवाणू दिसायला बेडक्याच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० लागतात. जीनएक्स्पर्टच्या पहिल्या कार्ट्रिजला शंभराच्या थोडं वर पुरत होते, सुधारित अल्ट्रा कार्ट्रिजला १६ च्या आसपास. एवढी संवेदनशीलता वाढली तेव्हा नवी अडचणही आली. पूर्वी क्षय होऊन बऱ्या झालेल्यांच्या फुप्फुसात मेलेल्या जीवाणूंचा डीएनए रेंगाळतो, आणि चाचणी त्यालाही पकडते.

विशिष्टतेकडे दुर्लक्ष फार होतं. समजा संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के आहे. लक्षणं असलेल्या १०,००० जणांत २,००० खरोखर बाधित असतील, तर १,९०० बरोबर सापडतील आणि १६० निरोगी माणसं चुकून पॉझिटिव्ह येतील. हे ठीक. आता तीच चाचणी सरसकट सगळ्यांवर वापरा, जिथे १०,००० मध्ये १०० च बाधित आहेत. ९५ सापडतील, पण चुकीचे पॉझिटिव्ह १९८ येतील. म्हणजे तीन पॉझिटिव्हमध्ये दोन खोटे. चाचणी तीच, डबी तीच, तरी निकालाचा अर्थ बदलला.

स्वस्त म्हणजे नक्की किती स्वस्त?

एका कार्ट्रिजची किंमत म्हणजे चाचणीची किंमत नव्हे. उपयोगी पडलेल्या एका निकालाची किंमत काढा.

त्यात एन्झाइम आणि प्रायमर यांचा वाटा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो. प्लास्टिकचे साचे, फॉइलची पाकिटं, स्वॅब, कारखान्यात नापास होणारा माल, वाहतूक, दुरुस्ती, प्रशिक्षण आणि बाद निघालेल्या चाचण्या यांची बेरीज मोठी होते. यंत्राचंही पाहा. ते पाच वर्षं चालेल आणि वर्षाला ३०० दिवस वापरलं जाईल असं धरलं, तर रोज दोन चाचण्यांनी यंत्राची किंमत ३,००० चाचण्यांत वाटली जाते, रोज वीस चाचण्यांनी ३०,००० चाचण्यांत. छोट्या केंद्रावर रोज दोनच रुग्ण येणार असतील तर स्वस्त यंत्र हवं, थोडं महाग कार्ट्रिज चालेल. गर्दीच्या ठिकाणी उलट. शिवाय एकाच यंत्रावर क्षय, एचआयव्ही, कावीळ आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) या सगळ्यांच्या चाचण्या चालल्या तर यंत्र रिकामं बसत नाही. ते जास्त शहाणपणाचं.

किंमत हा वाटाघाटीचाही विषय आहे. गरीब देशांसाठी जीनएक्स्पर्टच्या क्षयाच्या कार्ट्रिजची किंमत २०१२ मध्ये ९.९८ डॉलरवर आली आणि मग जवळपास अकरा वर्षं तिथेच राहिली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने मोठ्या उत्पादनात एका कार्ट्रिजचा खर्च ५ डॉलरच्या आत बसतो असा हिशेब मांडून २०१९ पासून मोहीम चालवली. २०२३ मध्ये किंमत ७.९७ डॉलर झाली. या मोहिमेतून मी शिकलो ते असं: उत्पादन खर्च कमी केला म्हणून रुग्णापर्यंतची किंमत आपोआप कमी होत नाही. किंमतीची अट विकासाला निधी मिळतानाच करारात लिहून घ्यावी.

थंड साखळीशिवाय अभिकर्मक टिकतात का?

टिकतात. एन्झाइम ट्रेहॅलोजसारख्या साखरेसोबत गोठवून वाळवलं की ते खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने राहतं. मात्र नेहमीच्या एन्झाइमसोबत येणारं ग्लिसरॉल आधी काढावं लागतं, नाहीतर गोळी नीट वाळतच नाही. त्यानंतरचा खरा शत्रू उष्णतेपेक्षा ओलावा. पाकीट फोडलं की किती मिनिटांत वापरायचं हे दमट हवेत तपासून मगच लिहा. ‘खोलीचं तापमान’ हा शब्दही जपून वापरावा, कारण पत्र्याच्या छपराखालची खोलीही खोलीच असते.

नळी उघडू नका असं सगळे का बजावतात?

प्रती वाढल्यावर त्या एका नळीत अब्जावधी प्रती असतात. झाकण उघडताना उडालेल्या न दिसणाऱ्या थेंबातही पुढच्या शेकडो चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह करायला पुरेशा प्रती असतात. मोठ्या प्रयोगशाळेला खोल्या बदलता येतात. दवाखान्याला एकच टेबल असतं. म्हणून प्रती वाढवणं आणि निकाल वाचणं एकाच बंद भांड्यात झालं पाहिजे. पट्टीवर निकाल दाखवायचा असेल तर पट्टीही त्याच बंद कप्प्यात हवी. यावर तडजोड करू नये.

जंतूच बदलला तर?

तर प्रायमर चिकटणार नाही आणि चाचणी गप्प बसेल. कोविडच्या काळात विषाणूच्या एस जनुकात छोटा तुकडा गळाला आणि तीन जागा शोधणाऱ्या चाचण्यांतली एस ची खूण गायब झाली. बाकीच्या दोन जागा होत्या म्हणून निदान चुकलं नाही, उलट ती गायब खूणच नवा प्रकार ओळखायला कामी आली. किमान दोन लक्ष्यं ठेवा आणि नव्या जनुकक्रमांशी प्रायमर नियमित ताडून पाहा.

औषधाला दाद न देणारा जंतूही ओळखता येतो का?

काही औषधांसाठी सहज, काहींसाठी कष्टाने. रिफाम्पिसिनचं नशीब चांगलं: त्याला दाद न देणाऱ्या क्षयाच्या जीवाणूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये बदल आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या टापूतच असतात. बाकी बऱ्याच औषधांसाठी बदल अनेक जनुकांत विखुरलेले असतात.

किती नमुन्यांवर तपासलं म्हणजे पुरे?

‘३० निरोगी नमुने तपासले, एकही चुकला नाही, म्हणून विशिष्टता १०० टक्के’ असं वाक्य अनेकदा वाचायला मिळतं. सोपा नियम लक्षात ठेवा: शून्य चुका आल्या तर ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागा. ३० नमुन्यांत शून्य चूक म्हणजे खरा चुकीचा दर १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो. एक टक्क्यापर्यंत खात्री हवी तर ३०० हवेत.

संख्येइतकंच, नमुने कुठले हेही पाहावं. ठणठणीत माणसं आणि गंभीर रुग्ण एवढेच घेतले तर कुठलीही चाचणी छान दिसते. खरी परीक्षा मधल्यांची: खोकला आहे, पण क्षय आहे की नाही माहीत नाही असे, दारात येतील त्या क्रमाने घेतलेले रुग्ण. आणि चाचणी करणारी व्यक्ती ती विकसित करणारी नसावी. एकदा एका परिचारिकेच्या हातात आम्ही आमचं कार्ट्रिज दिलं. तिने हातमोज्यातल्या ओल्या बोटांनी फॉइल सोलायचा प्रयत्न केला आणि ते सोललंच गेलं नाही. आमच्या कोरड्या हातांना ही अडचण वर्षभर दिसली नव्हती. कार्ट्रिजच्या पुढच्या आवृत्तीत आम्ही फॉइलला पकडायला एक कान ठेवला.

वापरलेल्या कार्ट्रिजची विल्हेवाट कशी लावायची?

जैववैद्यकीय कचरा म्हणून, न उघडता. त्यावर ब्लीच कधीही ओतू नका. आत ग्वानिडिन थायोसायनेट असेल तर ब्लीचशी संयोग होऊन विषारी वायू बाहेर पडतात. ही सूचना पाकिटावर चित्रासह असावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या महिन्यात काय करावं?

पहिला आठवडा प्रयोगशाळेत जाऊच नका. जिथे चाचणी वापरली जाणार आहे तिथे बसा. रुग्ण किती वेळ थांबतो, नमुना कोण घेतं, वीज कधी जाते, टेबल किती मोठं आहे, हात धुवायला पाणी आहे का, हे सगळं वहीत लिहा. मग चाचणीकडून काय हवं ते एका पानावर उतरवा: कुठला नमुना, किती वेळ, कमाल किती खर्च, किती संवेदनशीलता, कोण चालवणार. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक रोगांसाठी असे अपेक्षापत्रक प्रसिद्ध केले आहेत, ते आधी वाचा. ‘रीअश्युअर्ड’ या नावाने २०१८ मध्ये मांडलेले निकषही शेजारी ठेवा. परवडणारी, संवेदनशील, विशिष्ट, सोपी, जलद, निकाल पुढे कळवणारी, नमुना सहज घेता येणारी चाचणी हवी, असे त्यातले मुख्य निकष आहेत.

त्यानंतर खऱ्या नमुन्यात, म्हणजे बेडका तर बेडक्यात आणि रक्त तर रक्तात, ठरावीक संख्येने जंतूचा डीएनए मिसळा आणि २० वेळा चाचणी करा. १९ वेळा सापडतो अशी सर्वांत कमी संख्या शोधा. तीच तुमची पकडीची मर्यादा. पाण्यात मिळालेली संख्या आणि बेडक्यात मिळालेली संख्या वहीच्या एकाच पानावर शेजारी शेजारी लिहा. पुढच्या सहा महिन्यांचं काम त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.